बी आलं, जाणकार मागे राहिले

सप्टेंबर १४९३मध्ये कोलंबस दुसऱ्या सफरीसाठी स्पेनच्या कादिझ बंदरातून निघाला, तेव्हा त्याच्या ताफ्यात १७ जहाजं होती. पहिली सफर शोधाची होती, ही वसाहत वसवण्याची होती. म्हणून या जहाजांवर हजाराहून अधिक माणसांबरोबर घोडे, गाई, डुकरं आणि मेंढ्या होत्या, गव्हाचं बियाणं होतं आणि वाटेत कॅनरी बेटांवरून घेतलेलं उसाचं बेणंही होतं. उलट दिशेनं मका युरोपात पोहोचला. पुढच्या शे-दीडशे वर्षांत बटाटा, मिरची, टोमॅटो, भुईमूग, रताळं, काजू, अननस, पेरू, पपई आणि तंबाखू अमेरिकेतून जगभर गेले. घोडा, गाय, गहू, ऊस आणि त्यांच्या सोबतीनं देवी, गोवर, हिवताप अमेरिकेत शिरले. या उलाढालीला अमेरिकी इतिहासकार आल्फ्रेड क्रॉस्बी यांनी १९७२ साली ‘कोलंबियन एक्स्चेंज’ हे नाव दिलं आणि इतिहासाच्या पुस्तकांत राजे व लढायांच्या बरोबरीनं रोपं, जनावरं आणि रोगजंतूंना जागा मिळाली. मात्र ही कहाणी पुढे लोकांपर्यंत पोहोचली ती मुख्यतः यादीच्या रूपात: इकडून तिकडे काय गेलं आणि तिकडून इकडे काय आलं. या यादीत एक गोष्ट हमखास निसटते. पीक म्हणजे केवळ वनस्पती नसते. ते कधी पेरायचं, कोणत्या जाती शेजारी-शेजारी लावायच्या, त्यातलं विष कसं उतरवायचं आणि त्याचं अन्न कसं करायचं, हे सगळं ज्ञान मिळून पीक होतं. जहाजांनी बी नेलं; ज्यांना हे ज्ञान होतं ती माणसं बहुतेक वेळा मागे राहिली, साखळदंडात नेली गेली किंवा साथीत मेली. बियाण्याबरोबर जाणकार गेला की नाही, यावर त्या पिकानं नव्या मुलखाचं काय केलं हे पुष्कळ अंशी ठरलं, हे मला इथे मांडायचं आहे.

सगळ्यात स्पष्ट पुरावा मक्याचा आहे. मेक्सिको आणि ग्वाटेमालातल्या बायका किमान तीन हजार वर्षांपासून मका नुसता दळत नाहीत. दाणे आधी चुना किंवा राख घातलेल्या पाण्यात शिजवतात, रात्रभर त्यातच राहू देतात, सकाळी धुऊन साल काढतात आणि मग पाट्यावर वाटतात. त्या पिठाची भाकरी म्हणजे तोर्तिया. चुन्यामुळे पीठ चिकट होतं आणि भाकरी नीट थापली जाते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दाण्यात बांधलं गेलेलं नायसिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व, मोकळं होऊन शरीराला लागू पडतं. युरोपीय खलाशांनी मका नेला. चुन्याची रीत त्यांना अनावश्यक वाटली, कारण त्यांच्या जात्यांत आणि पाणचक्क्यांत कोरडा मका सहज दळला जात होता. स्पेनच्या अस्तुरियास प्रांतात १७३५ साली गास्पार कासाल या वैद्यानं मक्यावर जगणाऱ्या गरीब शेतकऱ्यांमध्ये एक नवा आजार नोंदवला. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर लाल चट्टे, मग जुलाब, मग भ्रम, आणि शेवटी मृत्यू. उत्तर इटलीत हाच आजार ‘पेलाग्रा’ म्हणून पसरला आणि मक्याच्या पिठाचा पोलेंटा खाऊन राहणाऱ्या शेतमजुरांनी तिथली वेड्यांची इस्पितळं भरली. विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत सुमारे तीस लाख लोकांना तो झाला आणि जवळपास एक लाख दगावले. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१५मध्ये मिसिसिपीतल्या तुरुंगाच्या शेतावर कैद्यांच्या आहाराचा प्रयोग करून हा संसर्ग नसून आहारातली उणीव आहे हे दाखवलं. ती उणीव नायसिनची, हे १९३७ साली कळलं. मक्यानं अटलांटिक ओलांडल्याला तोवर साडेचार शतकं होत आली होती.

यावर एक सयुक्तिक आक्षेप आहे. पेलाग्रा हा दारिद्र्याचा रोग होता. ज्यांच्या ताटात दूध, अंडी, मांस होतं त्यांना तो झाला नाही, आणि गोल्डबर्गर यांनीही बोट ठेवलं ते मजुरांच्या गरिबीवरच. हे खरं आहे, आणि दारिद्र्याला बाजूला सारून हा इतिहास सांगता येणार नाही. पण मेक्सिकोतला गरीब शेतकरीही मक्यावरच जगत होता. त्याच्या घरी मांस सणासुदीलाच असे. तरीही तिथे पेलाग्रा क्वचितच दिसला, कारण त्याच्या मक्याबरोबर चुन्याची रीत होती, त्याच वावरात चढवलेला घेवडा होता आणि भोपळा होता. दोन्हीकडची गरिबी सारखी, दोन्हीकडचं धान्य तेच. फरक ज्ञानाचा होता. ते ज्ञान स्वयंपाकघरातल्या बाईकडे होतं. विजेत्यांनी तिच्याकडून भाकरी घेतली, पण त्यामागची कृती विचारण्याजोगी आहे असं त्यांना वाटलं नाही.

बटाट्याची गोष्ट याच मार्गानं जाते, फक्त इथे हरवलेलं ज्ञान शेतातलं आहे. अँडीज पर्वतातला शेतकरी एकाच वावरात बटाट्याच्या कितीतरी जाती मिसळून लावतो. काही थंडीला टिकणाऱ्या, काही किडीला, काही लवकर येणाऱ्या, काही कडवट आणि केवळ साठवणीच्या. रात्रीच्या गोठवणाऱ्या थंडीत बटाटे पसरून, दिवसा पायांनी तुडवून पाणी काढून ते उन्हात वाळवले की ‘चुन्यो’ तयार होतो, आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. पेरूची राजधानी लिमा इथल्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्रानं या मुलखातल्या हजारो देशी जाती जतन केल्या आहेत. युरोपात पोहोचल्या त्या मात्र मूठभर. बटाटा बहुधा डोळ्याचा तुकडा लावून वाढवतात, त्यामुळे एका जातीची सगळी झाडं आनुवंशिकदृष्ट्या एकच असतात. आयर्लंडमध्ये कमी जमिनीत जास्त पीक देणारी ‘लंपर’ ही जात गरिबांच्या वाट्याच्या तुकड्या-तुकड्यांवर पसरली. १८४५ साली करपा आला आणि शेतंच्या शेतं एकाच रोगापुढे एकाच वेळी आडवी झाली. आयर्लंडची लोकसंख्या १८४१मध्ये सुमारे ८२ लाख होती, ती १८५१मध्ये सुमारे ६५ लाखांवर आली. अंदाजे दहा लाख माणसं उपासमारीत आणि तापाच्या साथींत गेली, त्याहून अधिक देश सोडून गेली.

इथे कोणी म्हणेल की आयर्लंडचा दुष्काळ बटाट्यानं घडवला नाही, तो जमीनदारीनं आणि ब्रिटिश सरकारच्या धोरणानं घडवला. माणसं मरत असतानाही देशातून धान्य बाहेर जात होतं. हा दोष निर्विवाद आहे. पण जमीनदारीनं कुळाला एवढाच तुकडा दिला की त्यावर एकाच पिकाची एकच जात परवडावी, आणि त्या शेतकऱ्याच्या हाती अँडीजमधल्या शेतकऱ्यासारखा दुसरा उपाय नव्हता. अन्याय आणि अज्ञान इथे हातात हात घालून आले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अर्थतज्ज्ञ नेथन नन आणि नॅन्सी चिएन यांच्या २०११ सालच्या अभ्यासानुसार १७०० ते १९०० या काळात युरोप, आशिया आणि आफ्रिकेतल्या लोकसंख्यावाढीचा सुमारे चौथा हिस्सा एकट्या बटाट्याच्या खात्यावर मांडता येतो. मग बियाण्याबरोबर ज्ञान नव्हतं तरी काय बिघडलं? कोट्यवधी माणसं जगलीच ना? जगली, आणि ती मोलाची गोष्ट आहे. मात्र लोकसंख्येचा हा आलेख सरासरी सांगतो. सरासरीच्या आत जी माणसं करप्यानं आणि पेलाग्रानं गेली, त्यांचं मरण अटळ नव्हतं. त्यावरचा उपाय ते पीक जिथून आलं तिथे आधीपासून अस्तित्वात होता. फायदा झाला म्हणून टाळता येण्याजोगं नुकसान हिशेबातून वगळता येत नाही.

आता उलट बाजू पाहू. जिथे जाणकार बियाण्याबरोबर गेला, तिथे काय झालं? पश्चिम आफ्रिकेत, नायजर नदीच्या खोऱ्यात, आशियाई भातापेक्षा वेगळ्या जातीचा भात स्वतंत्रपणे माणसाळवला गेला. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या लोकांना भरती-ओहोटीच्या खाजणात बांध घालून खारं पाणी अडवणं आणि गोडं पाणी खेळवणं अवगत होतं. अठराव्या शतकात साउथ कॅरोलायनाचे मळेमालक भातावर गबर झाले, ते याच किनाऱ्यावरून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या श्रमावर. अभ्यासक जुडिथ कार्नी यांनी २००१ साली मांडलं की तिथे श्रमांबरोबर आफ्रिकी विद्याही वापरली गेली. यावर २००७मध्ये डेव्हिड एल्टिस, फिलिप मॉर्गन आणि डेव्हिड रिचर्डसन या इतिहासकारांनी आक्षेप घेतला. गुलामांच्या व्यापाराच्या नोंदी पाहता मळेमालक भात पिकवणाऱ्या प्रदेशांतली माणसं मुद्दाम निवडत होते असं दिसत नाही, आणि कॅरोलायनात मुख्यतः आशियाई भातच पिकत होता, असं त्यांचं म्हणणं. हा आक्षेप गंभीर आहे आणि कार्नींच्या मांडणीचा काही भाग त्यामुळे सैल होतो. भातशेतीची सगळी रचना आफ्रिकी होती असं आता म्हणता येणार नाही. परंतु टाचेनं खळगा करून बी टाकणं, उखळ-मुसळानं कांडणं आणि गवताच्या विणलेल्या सुपांनी पाखडणं या रीती युरोपातून आलेल्या नव्हत्या. दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनाममध्ये तर पुरावा अजून शेतात उभा आहे. मळ्यांतून पळून जंगलात वसलेल्या मरून समाजाच्या बायका आजही आफ्रिकी भात लावतात आणि काही वाणांना त्यांच्या पूर्वज स्त्रियांची नावं आहेत. केसांत दाणे लपवून आणल्याच्या आठवणी त्या समाजात सांगितल्या जातात. इथे बी आणि विद्या एकाच देहातून समुद्र ओलांडून आली, आणि स्वातंत्र्य मिळवलेल्या माणसांना तिनं जंगलात जगवलं.

व्हॅनिलाचं उदाहरण लहान, पण फार बोलकं आहे. मेक्सिकोच्या आखातालगतच्या तोतोनाक लोकांनी जोपासलेला हा वेल फ्रेंचांनी हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटावर नेला. वेल वाढला, फुलला, पण शेंगा धरेना, कारण परागीभवन करणाऱ्या मेक्सिकोतल्या मधमाश्या तिथे नव्हत्या. युरोपातल्या काचघरात वनस्पतिशास्त्रज्ञांनी हातानं परागीभवन साधलं होतं, पण मळ्यात रोज करता येईल अशी सोपी रीत शोधली ती १८४१ साली, बारा वर्षांच्या एडमंड या गुलाम मुलानं. एका बारीक काडीनं फुलातला पडदा उचलायचा आणि अंगठ्यानं पराग दाबायचे. आज जगभर व्हॅनिला जवळजवळ त्याच रीतीनं पिकते. १८४८मध्ये गुलामगिरी संपल्यावर त्याला अल्बियस हे आडनाव मिळालं. बेटाचं उत्पन्न वाढलं, तो मात्र १८८० साली गरिबीतच वारला.

रोगांचा भाग इथे जोडला नाही तर ही मांडणी अपुरी राहील. १५१८च्या अखेरीस कॅरिबियन बेटांवर आणि १५२०मध्ये मेक्सिकोत देवीची साथ पोहोचली. अस्तेकांची राजधानी तेनोच्तित्लान १५२१मध्ये पडली, तेव्हा तिचं बरंचसं बळ आधीच रोगानं काढून घेतलं होतं. सम्राट क्वित्लावाक स्वतः देवीनं गेला. पुढे १५४५ आणि १५७६मध्ये आणखी दोन भयानक साथी आल्या. एका शतकात मध्य मेक्सिकोची लोकसंख्या किती घटली याचे अंदाज वेगवेगळे आहेत. अनेक इतिहासकार ती ऐंशी ते नव्वद टक्के धरतात. साथीत जे आधी जातात त्यांत म्हातारी माणसं असतात, आणि ज्या समाजात शेतीची आणि औषधाची विद्या बोलून, दाखवून पुढे दिली जाते, तिथे म्हातारी माणसं हाच ग्रंथसंग्रह असतो. स्पेनच्या राजानं पाठवलेले वैद्य फ्रान्सिस्को एर्नांदेस यांनी १५७०च्या दशकात मेक्सिकोत फिरून, स्थानिक वैद्यांना विचारून सुमारे तीन हजार वनस्पतींची नोंद केली. ती हस्तलिखितं एस्कोरियालच्या राजवाड्यात ठेवली गेली आणि १६७१च्या आगीत जळाली. माहिती देणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावंही आपल्यापर्यंत आली नाहीत.

रोगांच्या बाबतीत हमखास सांगितलं जातं की हा निव्वळ जीवशास्त्राचा खेळ होता, प्रतिकारशक्ती नव्हती म्हणून माणसं मेली, त्यात ज्ञानाचा काय संबंध? प्रतिकारशक्तीचा अभाव खरा आहे. मात्र खाणींत राबवलेली, गावातून उठवलेली, उपाशी माणसं रोगापुढे अधिक कोसळतात, आणि ज्ञानानंही फरक पडतो. १७२१मध्ये बॉस्टनमध्ये देवीची साथ आली. कॉटन मॅदर या धर्मोपदेशकाला त्याच्या घरच्या ओनेसिमस या आफ्रिकी गुलामानं काही वर्षांपूर्वी सांगितलं होतं की त्याच्या देशात देवीच्या फोडातला पू निरोग्याच्या कातडीत थोडासा भरतात आणि मग तो माणूस मोठ्या आजारातून वाचतो. मॅदरच्या आग्रहावरून डॉ. झॅबडिएल बॉयलस्टन यांनी सुमारे २४० लोकांना अशी टोचणी केली. त्यातले सहा दगावले. टोचणी न केलेल्यांत सुमारे सहा हजार आजारी पडले आणि आठशेहून अधिक मेले. ज्या व्यापाराची जहाजं रोग घेऊन येत होती, त्याच व्यापाराच्या जहाजांतून त्याचा उपायही आला होता. तो ज्याच्याकडे होता, त्याला विचारणारा माणूस भेटला, म्हणून तो कामी आला.

जनावरांविषयीही हेच म्हणता येतं, जरी पहिल्या नजरेत ती माझ्या मांडणीला अपवाद वाटतात. डुकरं आणि गाई-बैल अमेरिकेत कोणाच्या विद्येशिवाय वाढले, रानटी झाले, हजारोंनी पसरले. खरं आहे, फक्त ते कसे पसरले हे पाहायला हवं. मध्य मेक्सिकोतल्या मेस्कितालच्या खोऱ्यात ओतोमी लोकांची पाटाच्या पाण्याची, बिनकुंपणाची शेती होती. सोळाव्या शतकात तिथे मेंढ्या लाखांच्या संख्येनं वाढल्या आणि इतिहासकार एलिनॉर मेलव्हिल यांनी दाखवलं त्याप्रमाणे शतकाच्या अखेरीस ते खोरं काटेरी झुडपांचं रान झालं होतं. स्पेनमध्ये मेंढपाळ ऋतूंनुसार शेकडो मैल कळप हलवत, कोणती चराई कधी मोकळी ठेवायची हे ठरलेलं असे. मेस्कितालमध्ये मेंढ्या आल्या, तो शहाणपणा आला नाही. विद्येशिवाय पसरणं शक्य असतं, पण त्याची किंमत जमीन मोजते.

आपल्या किनाऱ्यावरचा अनुभव या युक्तिवादाला एक महत्त्वाची दुरुस्ती सुचवतो. पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलेला काजू गोव्यात आणि कोकणात रुजला. त्याच्या टरफलातलं तेल कातडी भाजून काढतं, तरी गर सोडवण्याची रीत इथे बसली. बोंडू कोळंबीत, म्हणजे तुडवण्याच्या कुंडात, तुडवून रस काढणं आणि त्यापासून हुर्राक व फेणी ही दारू गाळणं, ही ब्राझीलमधली विद्या नाही. माडाच्या सुरेपासून फेणी काढण्याचं कसब गोव्यातल्या भट्ट्यांवर आधीपासून होतं, तेच नव्या फळाला लागू झालं. आंब्याचं याच्या नेमकं उलट. झाड आपलं, पण गोव्यातल्या जेझुइट पाद्र्यांनी कलमांचं तंत्र आंब्यावर चालवलं, म्हणून हापूससारखी जात पिढ्यान्‌पिढ्या जशीच्या तशी राखता आली. म्हणजे ज्ञान आलं नाही म्हणजे कायमचं अज्ञान, असं नाही. शेतकरी नवं ज्ञान घडवतो. मिरची, भुईमूग, बटाटा आपल्या शेतकऱ्यांनी आणि बायकांनी इतके आपले केले की उपवासाच्या ताटातही ते साबुदाण्याशेजारी बसले, आणि तो साबुदाणाही ब्राझीलकडच्या कसाव्याच्या कंदापासून बनतो. पण त्याच कसाव्याच्या कडू जातींत सायनाइड असतं. ब्राझीलमधले आदिवासी तो किसून, पिळून, भाजून विष काढत. १९८१च्या दुष्काळात मोझांबिकमध्ये भुकेल्या कुटुंबांनी कंद पुरेसे दिवस न वाळवता खाल्ले, तेव्हा हजारावर माणसांचे, त्यात प्रामुख्यानं बायका आणि मुलांचे, पाय कायमचे लुळे झाले. नवं ज्ञान घडतं, ते टिकवावंही लागतं, आणि ते घडेपर्यंतचा काळ कोणीतरी सोसतो.

ज्ञान घेताना जाणकाराचं नाव नोंदवता येतं, याचा एक उजळ दाखला आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर आहे. कोचीनचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान रीडे यानं ‘होर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा वनस्पतिग्रंथ १६७८पासून छापायला सुरुवात केली. त्यासाठी माहिती दिली इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्यानं आणि रंगा भट, विनायक पंडित, आपू भट या तीन कोंकणी वैद्यांनी. पहिल्या खंडात त्यांची प्रमाणपत्रं त्यांच्या त्यांच्या लिपीत छापली आहेत. कोंकणी वैद्यांचं नागरीत आहे. व्हान रीडे वसाहतीचा अधिकारी होता आणि त्याचे हेतू व्यापाराचेच होते. तरीही त्यानं विचारलं, लिहून घेतलं आणि नाव दिलं. साडेतीनशे वर्षांनी आपण त्या वैद्यांना ओळखतो ते यामुळे.

आज बियाणं जहाजापेक्षा वेगानं फिरतं. नॉर्वेच्या स्वालबार बेटांवर २००८पासून जगभरातलं बी बर्फाळ डोंगराच्या पोटात साठवलं जातं, आणि ते आवश्यक काम आहे. पण तिथल्या पाकिटात दाणा राहतो. तो कोणत्या मातीत, कोणत्या नक्षत्रावर पेरायचा आणि कसा शिजवायचा, हे तिथे राहत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२०चा पद्मश्री मिळाला तो देशी वाण जपल्याबद्दल. त्यांच्याकडे बी आणि त्याची माहिती एकत्र नांदतात, म्हणून त्यांची बियाण्यांची बँक जिवंत आहे. भारताच्या २००२च्या जैवविविधता कायद्याखाली गावागावांत लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची तरतूद आहे. आपल्या गावची नोंदवही ग्रामपंचायतीत जाऊन मागा. तिच्यात झाडांची आणि वाणांची नावं असतील. त्यांच्यासमोर रीत लिहिलेली आहे का आणि सांगणाऱ्या माणसाचं नाव आहे का, ते पाहा. नसेल तर गावातल्या वयस्क बाईला विचारून ते लिहून घ्या, तिच्या नावासकट. पाचशे वर्षांपूर्वी हे विचारलं गेलं नाही आणि त्याची किंमत लाखो जिवांनी मोजली. आपल्याला विचारण्यापासून कोणीही अडवलेलं नाही.